ओरॅकलच्या प्रोसिजरमधून अ‍ॅपपर्यंत यादी आणायची कशी, ऊस बिलाच्या निमित्तानं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कारखान्याचं ऊस बिलाचं सॉफ्टवेअर आजवर एसक्यूएल सर्व्हरवर चालत होतं, आता डेटाबेस ओरॅकलवर न्यायचा ठरलाय, अ‍ॅप मात्र सी शार्पमधलंच राहणार. जुन्या प्रोसिजरच्या (डेटाबेसमध्येच साठवलेल्या कोडच्या) शेवटी नुसती एक सिलेक्ट (ओळी मागणारी क्वेरी) असायची आणि अ‍ॅपला आपोआप यादी मिळायची. तीच सिलेक्ट ओरॅकलच्या प्रोसिजरमध्ये टाकली तर कंपाइललाच पीएलएस-००४२८ येतंय, इन्टू (निकाल कुठल्या व्हेरिएबलमध्ये घ्यायचा ते सांगणारा शब्द) पाहिजे म्हणतंय. इन्टू टाकलं तर एका सभासदाचं बिल व्यवस्थित येतंय, पण गावाची यादी मागितली की ओआरए-०१४२२, म्हणजे एकापेक्षा जास्त ओळी आल्याची एरर. मग कुणी सांगितलं टेम्पररी टेबलात भरा, कुणी सांगितलं सगळ्या ओळी स्वल्पविराम देऊन एका मोठ्या स्ट्रिंगमध्ये जोडा, आउट पॅरामीटरमधून पाठवा आणि अ‍ॅपमध्ये फोडा. यातलं बरोबर कुठलं, असं विचारलंय.

स्ट्रिंगवाल्याचा सल्ला आधी बाजूला ठेवा. पीएल/एसक्यूएलमध्ये (ओरॅकलची प्रोसिजर लिहायची भाषा) व्हारकारची, म्हणजे मजकुराच्या व्हेरिएबलची, मर्यादा ३२,७६७ बाइटची, आणि युनिकोड डेटाबेसमध्ये देवनागरीचा एकेक तुकडा ३ बाइट खातो, म्हणजे नुसतं 'पाटील' लिहायला १५ बाइट गेले. नाव, गाव, टनेज, कपाती, निव्वळ रक्कम मिळून एका ओळीला दीडशे बाइट धरले तरी दोनशे-सव्वादोनशे ओळींत डबा भरला. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावात तेवढे ऊस घालणारे एका गल्लीत निघतील. क्लॉब (मोठ्या मजकुराचा टाइप) वापरून मर्यादा वाढेल, पण तारखा नि आकडे स्ट्रिंगमधून परत फोडत बसायचं काम काही सुटत नाही.

आता मूळ अडचण. एसक्यूएल सर्व्हरमध्ये प्रोसिजरमधली सिलेक्ट जे काही देईल ते थेट क्लायंटकडे वाहत जातं, ते कुणी घ्यायचं हे वेगळं सांगावं लागत नाही. त्या सवयीनं आपण ओरॅकलला आलो की गडबडतो, कारण पीएल/एसक्यूएलमध्ये सिलेक्ट लिहिली की तिचा निकाल कोण घेणार ते तिथंच सांगावं लागतंय. व्हेरिएबलमध्ये घ्या, नाहीतर लूप लावून एकेक ओळ घ्या, नाहीतर उघडा कर्सर (क्वेरीच्या निकालाकडे बोट दाखवणारी खूण) बाहेर द्या. इन्टू म्हणजे "नेमकी एकच ओळ येणार" हा करार. शून्य ओळी आल्या तर ओआरए-०१४०३, एकापेक्षा जास्त आल्या तर ०१४२२. तुम्हाला पाहिजे यादी, म्हणजे तिसरा रस्ता, रेफ कर्सर.

रेफ कर्सरबद्दल एक गोष्ट पक्की डोक्यात बसली की पुढचं सगळं सोपं जातंय. प्रोसिजर तुम्हाला ओळी देतच नाही. पूर्वी बँकेत चेक दिला की पितळी टोकन मिळायचं, पैसे कॅशियरच्या खिडकीवर, आणि पैसे घेताना टोकन तिथं जमा. रेफ कर्सर म्हणजे ते टोकन. ओळी अजून डेटाबेसकडेच आहेत, अ‍ॅपनं टोकन दाखवून त्या घ्यायच्या आणि टोकन परत करायचं. लोक ज्या चुका करतात त्या बहुतेक सगळ्या याच दोन ठिकाणी असतात, एकतर हातात टोकन आलं म्हणजे पैसे आले असं समजतात, नाहीतर टोकन खिशात घालून घरी जातात.

लिहायचं कसं ते तोंडी सांगतो. प्रोसिजरला हंगाम, पंधरवडा, गाव कोड असे तीन इन पॅरामीटर आणि शेवटी एक आउट पॅरामीटर, त्याचा टाइप सिस_रेफकर्सर. बॉडीत एकच वाक्य, ओपन, तुमच्या पॅरामीटरचं नाव, फॉर, आणि पुढं तुमची जुनी सिलेक्ट. झालं. नेटवरच्या जुन्या उदाहरणांत आधी पॅकेज करून त्यात रेफ कर्सरचा टाइप डिक्लेअर केलेला दिसेल, ते ओरॅकल ९आय या व्हर्जनच्या आधीच्या काळातलं, तेव्हापासून सिस_रेफकर्सर तयारच मिळतोय. आणि प्रोसिजरमध्ये शेवटी शिस्त म्हणून क्लोज लिहू नका. उघडलेलं आपण बंद करावं ही सवय चांगली, पण इथं तुम्ही बंद केलं तर अ‍ॅपच्या हातात मेलेलं टोकन जाणार.

अ‍ॅप जोडायच्या आधी एसक्यूएल प्लसमध्ये (ओरॅकलचं कमांड टाइप करायचं टूल) चालवून बघा. रेफकर्सर टाइपचं व्हेरिएबल घ्या, एक्झिक्यूटमध्ये ते द्या, मग प्रिंट करा. तिथं यादी दिसली म्हणजे डेटाबेसकडचं काम संपलं, यापुढं काही बिघडलं तर ते अ‍ॅपकडे शोधायचं. हे न करता दोन्ही बाजू एकदम जोडून मग दिवसभर डोकं धरून बसलेली पोरं मी लई बघितलीत.

सी शार्पमध्ये ओडीपी डॉट नेट (ओरॅकलचा डॉट नेटसाठीचा ड्रायव्हर) वापरत असाल असं धरतो. पॅरामीटरचा टाइप रेफकर्सर, डिरेक्शन आउटपुट, आणि एक्झिक्यूट रीडर. रीडर जुन्यासारखाच चालतो, खालचा कोड फारसा बदलत नाही. दोन कर्सर आउट केले असतील, समजा एक बिलाची यादी आणि दुसरा गाववार बेरीज, तर नेक्स्ट रिझल्ट म्हणून पुढच्यावर जायचं.

इथं एक खड्डा आहे तो आधीच दाखवतो. ओडीपी डॉट नेट पॅरामीटर नावानं जोडत नाही, क्रमानं जोडतं. बाइंड बाय नेम ही प्रॉपर्टी मुळात फॉल्स असते. एसक्यूएल सर्व्हरच्या ड्रायव्हरला नावं द्यायची सवय असल्यामुळं तुमच्या अ‍ॅपमध्ये पॅरामीटर कुठल्याही क्रमानं टाकलेले असणार. टाइप जुळला नाही तर निदान एरर तरी येईल, पण पंधरवडा नि गाव कोड दोन्ही नंबर. पंधरवडा ३ आणि गाव ७ मागितलं आणि क्रम उलटा बसला तर गाव नंबर ३ चं सातव्या पंधरवड्याचं बिल येईल, कसलीही एरर नाही, यादी एकदम बरोबर दिसते, फक्त दुसऱ्याच गावाची असते. बाइंड बाय नेम ट्रू करा, प्रत्येक कमांडला, आणि जमलं तर एकाच ठिकाणी कॉमन फंक्शनमध्ये करून टाका.

आता जिथं अनुभवी लोकसुद्धा अडकतात ते. ओपन केलं म्हणजे ओळी तयार झाल्या असं नाही, ओळी तयार होतात फेच करताना, म्हणजे ओढून घेताना, आणि फेच करतंय तुमचं अ‍ॅप. त्यामुळं ओळ तयार होताना जी एरर येईल ती प्रोसिजरच्या एक्सेप्शन ब्लॉकमध्ये येतच नाही. समजा यादीत एक कॉलम आहे हेक्टरी टनेज, म्हणजे वजन भागिले क्षेत्र. एका प्लॉटचं क्षेत्र शेतकी ऑफिसनं भरायचं राहिलंय, तिथं शून्य आहे. प्रोसिजर चालली, यशस्वी म्हणाली, लॉगमध्ये यशस्वी लिहिलं गेलं, अ‍ॅपमध्ये पहिल्या शंभरेक ओळी आल्या आणि मध्येच ओआरए-०१४७६, शून्यानं भागाकार. ऑपरेटरच्या स्क्रीनवर अर्धं गाव. आणि समजा एरर गिळून टाकायचा ट्राय-कॅच कुणी लिहून ठेवला असेल तर ते अर्धं गावच पूर्ण गाव म्हणून प्रिंट होईल, खालची बेरीजसुद्धा त्या अर्ध्याचीच. म्हणून दोन गोष्टी. भागाकार असेल तिथं नलइफ लावा, म्हणजे शून्याच्या जागी नल (रिकामी किंमत) धरली जाईल आणि एरर टळेल. आणि अ‍ॅपमध्ये रीडर फिरतोय त्या अख्ख्या लूपभोवती एरर हँडलिंग पाहिजे, नुसतं एक्झिक्यूटभोवती असून उपयोग नाही, मध्ये तुटलं तर आलेल्या ओळी टाकून द्यायच्या.

याच कारणामुळं प्रोसिजरमध्ये "डेटा सापडला नाही" साठी नो_डेटा_फाउंडचा हँडलर लिहिलेला असतो तो रेफ कर्सरला कधीच चालत नाही. शून्य ओळींचा कर्सर आनंदानं उघडतो. यादी रिकामी आहे का ते अ‍ॅपलाच पहिल्या रीडवर कळतंय.

आणखी एक एरर, ओआरए-२४३३८. प्रोसिजरमध्ये इफ-एल्स असतो, हंगाम चालू असेल तर ही सिलेक्ट, बंद असेल तर ती, आणि तिसरी कुठली तरी शक्यता राहून जाते जिथं ओपनच होत नाही. आउट पॅरामीटर रिकामा गेला की अ‍ॅप फेच करायला जातं आणि ही एरर येते, जी वाचून काही म्हणजे काही कळत नाही. एल्समध्ये १ बरोबर ० अशी अट टाकून रिकामा कर्सर उघडून द्या, अ‍ॅपला शून्य ओळी मिळतील, तमाशा टळेल.

एक चांगली बाजूही सांगतो. कर्सर ज्या क्षणी उघडला त्या क्षणाचं चित्र ओरॅकल तुम्हाला शेवटच्या ओळीपर्यंत दाखवतंय. यादी निघत असताना वजनकाट्यावर नवीन स्लिपा पडत राहिल्या तरी त्या या यादीत मध्येच घुसत नाहीत. बिलासाठी हे सोन्यासारखं आहे, कारण शेतकऱ्याला ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम, त्यामुळं हंगामात बिलं काढायचं काम गाळप चालू असतानाच करायचं असतंय, काटा काही थांबवता येत नाही. पण ते चित्र टिकवायला ओरॅकल जुना डेटा अनडूमधून (बदलाआधीचा डेटा ठेवायची जागा) काढून देत असतंय आणि अनडू कायमचा नसतो. कर्सर उघडा ठेवून प्रिंटरवर एकेक पान काढत बसलात, किंवा ऑपरेटर यादी अर्धी बघून चहाला गेला, तर पुढच्या फेचला ओआरए-०१५५५, म्हणजे तो जुना डेटा आता उरला नाही अशी एरर येऊ शकते. त्यामुळं सगळ्या ओळी आधी अ‍ॅपच्या लिस्टमध्ये ओढून घ्या, कर्सर बंद करा, मग छापा नाहीतर दाखवा. ऊस बिलाची यादी म्हणजे काही कोटीभर ओळी नव्हेत, मेमरीत आरामात बसते.

ओढून घेताना फेच साइज, म्हणजे एका खेपेला किती माल येतो ते बघा. ओडीपी डॉट नेट १२८ केबीच्या हिशोबानं घेतं ते ठीक आहे. पण जावात कुणी हेच करत असेल तर ओरॅकलचा जेडीबीसी ड्रायव्हर मुळात १० ओळी एका खेपेला आणतो, वीस हजार सभासदांची यादी म्हणजे दोन हजार खेपा, आणि सर्व्हर कारखान्यावर नि ऑफिस शहरात असेल तर त्या लाइनवर ते नुसतं जाणवत नाही, झोप येते. पाचशे-हजार करा.

आता टोकन परत करायचं. ओपन_कर्सर्स, म्हणजे एकावेळी किती कर्सर उघडे ठेवता येतात, ही मर्यादा प्रत्येक सेशनला असते, डीबीएनं (डेटाबेस सांभाळणाऱ्यानं) किती ठेवलीय त्यावर, बऱ्याच ठिकाणी ३०० दिसते. रीडर बंद नाही केला तर टेस्टिंगमध्ये काही होत नाही कारण टेस्ट करणारा पाचदहा वेळा यादी काढतो. लाइव्हला कनेक्शन पूल असतो, तेच कनेक्शन दिवसभर फिरतं, उघडे कर्सर साठत जातात आणि नेमकं बिल वाटपाच्या दिवशी दुपारी ओआरए-०१०००, मर्यादा ओलांडल्याची एरर. मग डीबीएला फोन, तो ३०० चे ३००० करतो, दोन आठवडे शांत, पुन्हा तेच. मर्यादा वाढवणं हा इलाज नव्हे. व्ही डॉलर ओपन_कर्सर नावाचा व्ह्यू आहे, त्यात सेशनवार बघा, एकच सिलेक्ट शेकड्यानं दिसली की गळती कुठं आहे ते आपोआप कळतंय. सी शार्पमध्ये रीडर, कमांड दोन्ही यूझिंगमध्ये घाला, म्हणजे काम संपलं की आपोआप बंद होतील. एक्झिक्यूट नॉन क्वेरी करून पॅरामीटरमधून कर्सर काढून घेत असाल तर तो ओरॅकल रेफ कर्सरचा ऑब्जेक्टसुद्धा डिस्पोज करा. जावावाल्यांनी नुसता रिझल्ट सेट बंद करून भागत नाही, ज्या कॉलेबल स्टेटमेंटमधून तो आला ते बंद झाल्यावरच कर्सर सुटतो.

टेम्पररी टेबलचा सल्ला अगदीच चुकीचा नाही, पण ते पहिलं उत्तर नव्हे. नुसती यादी पाहिजे तर त्याची गरजच नाही. खरं बिल काढायचं असेल तेव्हा मात्र लागतंय, म्हणजे एकूण रक्कम काढायची, त्यातनं विकास संस्थेचं कर्ज, पाणीपट्टी, बेणं-खताची उधारी अशा कपाती ठरलेल्या क्रमानं करायच्या, रक्कम संपली की उरलेली कपात पुढच्या पंधरवड्याला ढकलायची, हे सगळं एका सिलेक्टमध्ये बसवायला गेलं तर बसतंय पण सहा महिन्यांनी लिहिणाऱ्यालासुद्धा वाचता येत नाही. तिथं ग्लोबल टेम्पररी टेबल (प्रत्येक सेशनला फक्त स्वतःच्या ओळी दिसतात असं तात्पुरतं टेबल) घ्या, टप्प्याटप्प्यानं भरा, आणि शेवटी त्यावर रेफ कर्सर उघडून द्या. बाहेर जाणारी वस्तू तरी रेफ कर्सरच.

फक्त टेबल ऑन कमिट डिलीट रोज (कमिट झालं की ओळी पुसणारं) आहे का प्रिझर्व रोज (ओळी राखणारं) ते बघा. ओडीपी डॉट नेटमध्ये तुम्ही ट्रान्झॅक्शन सुरू केलं नसेल तर प्रत्येक एक्झिक्यूटनंतर आपोआप कमिट होतंय. डिलीट रोजवालं टेबल असेल तर कमिटला टेबल रिकामं, आणि तुमचा कर्सर त्यावरच उघडलेला, फेचला ओआरए-०८१०३, ऑब्जेक्टच अस्तित्वात नाही म्हणतंय. माणूस मग टेबल कुणी ड्रॉप केलं ते शोधत बसतो. यावर ट्रान्झॅक्शन हातानं सुरू करा आणि यादी वाचून झाल्यावर कमिट करा. प्रिझर्व रोज केलं तर ही एरर जाते पण दुसरी भानगड येते, पूलमधलं सेशन मरत नाही, मागच्या ऑपरेटरनं काढलेल्या गावाच्या ओळी त्यात तशाच असतात आणि तुमच्या यादीत मिसळतात. म्हणून प्रोसिजरच्या पहिल्या ओळीला डिलीट. मी स्वतः हातानं ट्रान्झॅक्शनवाला रस्ता धरतो.

अजून एक रस्ता आहे जो तुमच्या परिस्थितीसाठीच केलाय म्हणा. ओरॅकल १२सी पासून डीबीएमएस_एसक्यूएल पॅकेजमध्ये रिटर्न_रिझल्ट आलंय. आत कर्सर उघडायचा आणि त्याला द्यायचा, आउट पॅरामीटर लागत नाही, अ‍ॅपला एसक्यूएल सर्व्हरसारखीच यादी मिळते. दुसऱ्या डेटाबेसवरून येणाऱ्यांना अ‍ॅपचा कोड कमी बदलावा लागावा म्हणूनच ते आणलंय. मला ते कायमचं ठेवायला आवडत नाही, कारण प्रोसिजरचं नाव नि पॅरामीटर वाचून ती यादी देते का नाही हे कळतच नाही, आत जाऊन कोड वाचावा लागतो. शिवाय दुसरी पीएल/एसक्यूएल प्रोसिजर ती यादी वापरायला गेली तर रेफ कर्सरइतकं सरळ राहत नाही. पण शंभर-दीडशे प्रोसिजर हलवायच्या असतील तर पहिल्या टप्प्याला बिनधास्त वापरा.

आणि प्रत्येक यादीला प्रोसिजर पाहिजेच का, हेही एकदा बघा. गावांची यादी, गटांची यादी, ऊस जातींची यादी, यांना एक व्ह्यू आणि अ‍ॅपमधून साधी सिलेक्ट पुरते, पॅरामीटर मात्र बाइंड करून, स्ट्रिंग जोडून नव्हे. प्रोसिजर कुठं ठेवायची हे तुमच्याकडं बदल कोण करतंय त्यावर आहे. कारखान्याच्या ईडीपी (संगणक) विभागात एसक्यूएल येणारा माणूस असेल आणि अ‍ॅपचा सोर्स पुण्याच्या कंपनीकडं असेल तर लॉजिक डेटाबेसमध्ये असलेलं बरं, नियम बदलला की तिथल्या तिथं दुरुस्त होतो. उलट अ‍ॅपची टीम तुमचीच असेल नि डेटाबेसला हात लावायला दरवेळी परवानगी लागत असेल तर सगळं प्रोसिजरमध्ये कोंबून स्वतःचेच हात बांधून घेऊ नका.

तुम्ही खाली असंही विचारलंय की उद्या पोस्टग्रेसवर जायचं झालं तर हे चालेल का. नाव तेच, वागणूक वेगळी. तिथं यादी द्यायला प्रोसिजर नव्हे तर फंक्शन वापरतात, रिटर्न्स टेबल आणि आत रिटर्न क्वेरी, अ‍ॅप त्या फंक्शनवर टेबलासारखी सिलेक्ट मारतं. रिटर्न्स टेबलमधल्या कॉलमची नावं नि खऱ्या टेबलातली नावं एकच ठेवलीत तर अँबिग्युअस म्हणून बोंब मारतं, अलायस लावा. पोस्टग्रेसमध्येही रेफकर्सर आहे, पण तो ट्रान्झॅक्शन संपलं की संपतो, ऑटोकमिट चालू असेल तर हातात नुसतं कर्सरचं नाव उरतं. मायएसक्यूएलमध्ये एसक्यूएल सर्व्हरसारखी प्रोसिजरमधली सिलेक्ट थेट बाहेर येते, फक्त सगळे रिझल्ट वाचून संपवायच्या आधी त्याच कनेक्शनवर दुसरी क्वेरी टाकली की 'कमांड्स आउट ऑफ सिंक' येतंय.

आता तुमच्यापुरतं. आधी ओरॅकलचं व्हर्जन बघा. ११ असेल तर रिटर्न_रिझल्ट विसरा, सरळ रेफ कर्सर. १२ किंवा पुढचं असेल तर नुसत्या याद्या नि रिपोर्ट आहेत त्या रिटर्न_रिझल्टवर पटकन हलवा, पण बिल, कपाती नि बँकेला जाणारी यादी या तिन्हींना पहिल्या दिवसापासून रेफ कर्सर, बाइंड बाय नेम ट्रू आणि हातानं ट्रान्झॅक्शन. मागच्या हंगामातला एक पूर्ण पंधरवडा दोन्ही डेटाबेसवर काढा आणि गाववार निव्वळ रकमेची बेरीज रुपया-पैशापर्यंत ताडून बघा, ओळींची संख्यासुद्धा. फरक आला तर पहिल्यांदा क्षेत्र शून्य असलेले प्लॉट आणि रिकामे कोड तपासा, कारण ओरॅकल रिकाम्या स्ट्रिंगला नल धरतं आणि तुमच्या जुन्या सिलेक्टमध्ये कुठंतरी "बरोबर रिकामं" अशी अट असणारच, ती इथं एकही ओळ देणार नाही.